नरक्याच्या लाकडातले औषध

श्रोतेहो, नमस्कार. महाबळेश्वरच्या किंवा आंबोलीच्या रानात ज्याच्या दुर्गंधाने माणसे नाक मुरडतात, त्या नरक्याच्या झाडाविषयी मी आज बोलणार आहे. कारण कर्करोगावरील मोलाच्या औषधांचे मूळ द्रव्य याच झाडात आहे.

त्या द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळे केले आणि १९७२ मध्ये ते नरक्यात असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखवले. पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील डीएनएच्या दोरीला पीळ बसतो. तो सैल व्हावा म्हणून एक विकर, म्हणजे एन्झाइम, दोरीचा एक पदर कापते आणि पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला सांधण्याआधीच जखडते, पदर तुटलेलाच राहतो आणि झपाट्याने वाढणारी पेशी मरते. हे कोडे मात्र १९८५ मध्ये उलगडले. त्याआधी रुग्णांना दिलेल्या या द्रव्याने मूत्राशयाला अशी इजा झाली होती की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून घडवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे अमेरिकेत मान्य झाली ती १९९६ साली.

ही तीस वर्षे मी मुद्दाम मोजून सांगतो आहे. अमुक पाल्याच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या, अशी बातमी आपण वाचतो तेव्हा त्या काचेच्या बशीत मेलेल्या असतात, आणि बशीतल्या पेशी तर साबणाच्या पाण्यानेही मरतात. निरोगी पेशी वाचतात का, हा खरा प्रश्न आहे. पुण्यातल्या अंगणाअंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळतात. व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही वापरतात, पण ते शिरेतूनच आणि काटेकोर मोजून द्यावे लागते. घरच्या रुग्णाला सदाफुलीच्या पानांचा काढा देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नरक्याचे दुःख वेगळे आहे. लाकडाला परदेशी मागणी आली आणि सह्याद्रीत त्याची चोरटी तोड सुरू झाली. २००५ साली नरक्याच्या सालीत राहणाऱ्या एका बुरशीतही हेच द्रव्य सापडले, तेव्हा झाडाला हात न लावता औषध मिळण्याची आशा वाटू लागली. परंतु अशा बुरशा प्रयोगशाळेत वाढवत गेले की त्यांच्यातील द्रव्य घटत जाते, आणि संशोधकांना पुन्हा रानातल्या झाडाकडेच यावे लागते.