पाठीवरचा दहा

मंडळी, तीस वर्षं मी खो-खोच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसते आहे. मैदानाच्या कडेला टेबल, वर ऊन, पुढ्यात गुणपत्रक आणि शेजारी वेळाधिकारी. गुणपत्रकात आम्ही नाव लिहीत बसत नाही. कोण बाद झालं, कुणी केलं, किती मिनिटं किती सेकंदांनी, आणि कसं, म्हणजे नुसत्या स्पर्शानं, सूर मारून की खांबावर, एवढं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत टिपायचं असतं. तिथं मुलगी म्हणजे तिचा आकडा. पहिली तुकडी ३, ७, ११. सात बाद. पुढं चला. म्हणून मला आज आकड्यांवर बोलायचं आहे.

मी या टेबलाकडं कशी आले ते आधी सांगते. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मी खेळायचे. पांढरे बनियन शाळेचे, आकडे मात्र घरून लावून आणायचे. आईनं लाल कापडाचा ९ कापला आणि रात्री कंदिलाजवळ बसून हातानं टाचला. मराठी ९. दोन-चार धुण्यांत त्याची एक बाजू उसवली आणि आत वळली. मला पाठीवरचं कुठलं दिसायला! तालुक्याच्या सामन्यात मी साडेतीन मिनिटं पळाले. तोवरची माझी सगळ्यात मोठी पळती. संध्याकाळी गुणपत्रक पाहिलं तर ती १ नंबरच्या मुलीपुढं लिहिलेली. लिहिणाऱ्यानं जे दिसलं ते लिहिलं होतं. मी घरी येऊन खूप रडले. आईनं न बोलता सुईदोरा घेतला आणि तो ९ दुहेरी शिवणीनं पक्का केला. टेबलावर बसलेल्या माणसाच्या हातात काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पाठीवर आकडा आला तो मुळात खेळाडूसाठी नाहीच. तो बघणाऱ्यासाठी आणि लिहिणाऱ्यासाठी आला. २५ ऑगस्ट १९२८ रोजी इंग्लंडमध्ये आर्सेनल आणि चेल्सी हे फुटबॉलचे दोन संघ आपापल्या सामन्यांत पाठीवर आकडे घालून उतरले. १९३३च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ असे आकडे दिले होते. खेळाडू कुठल्या जागी खेळतो ते त्यातून कळायचं, बस्स. त्यात मानपान काही नव्हता.

मग दहाला एवढा मान आला कुठून? १९५८च्या विश्वचषकात ब्राझीलच्या संघाचे आकडे पाहा. गोलरक्षक जिल्मार, त्याच्या पाठीवर ३. गोलरक्षकाला ३! ब्राझीलनं आकड्यांची यादीच पाठवली नव्हती, ती तिथल्याच कुणीतरी भरली, असं सांगतात. त्या घाईच्या यादीत एका सतरा वर्षांच्या मुलापुढं १० पडला. तो पेले. ती यादी भरणारा माणूस माझ्या बिरादरीतला. त्याला काय ठाऊक, आपल्या हातून काय लिहून गेलं! अंतिम सामन्यात त्या मुलानं दोन गोल केले आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक पोराला दहाच हवा झाला.

आपल्याकडं क्रिकेटमध्ये हे उशिरा आलं. सुनील गावसकरांच्या पाठीवर आकडा नव्हता, १९८३चा विश्वचषक जिंकला तेव्हाही सगळे पांढऱ्या कपड्यांत. १९९२च्या विश्वचषकात रंगीत कपडे आले, पाठीवर नावं आली. विश्वचषकात आकडे आले ते १९९९ला. मध्ये कधी ९९, कधी ३३ असं करत सचिन दहावर पक्का झाला आणि दहा त्याचा झाला.

पण एक गोष्ट मी टेबलावर बसणारी म्हणून सांगते, तुम्ही कधी मनात आणली नसेल. सचिन २०० कसोटी खेळला, त्यात ५१ शतकं केली, आणि या सगळ्यात त्याच्या पाठीवर एकही आकडा नव्हता. कसोटीच्या पांढऱ्या शर्टांवर आकडे आले ते ऑगस्ट २०१९मध्ये, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या अॅशेस मालिकेपासून. तोवर तो निवृत्त होऊन जवळजवळ सहा वर्षं झाली होती. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर भाषण झालं, मैदानाची फेरी झाली, आणि मग तो एकटा खेळपट्टीपर्यंत चालत गेला, वाकला, मातीला हात लावून तो हात कपाळाला लावला. तेव्हा त्याची पाठ कोरी होती. दहा होता तो बाहेर, लोकांच्या अंगावर. मी ते टीव्हीवर बघितलं आणि आमच्या घरात कुणाच्याच तोंडातून शब्द फुटला नाही.

म्हणूनच पुढं जे झालं ते मला लागलं. ३१ ऑगस्ट २०१७, कोलंबो. पालघरहून लोकलनं किट घेऊन मुंबईला सरावाला येणारा शार्दूल ठाकूर पहिला एकदिवसीय सामना खेळायला उतरला आणि त्याच्या पाठीवर १०. जन्मतारीख १६-१०-१९९१. सगळे अंक मिळवले की २८, दोन आणि आठ दहा. अशा अंकशास्त्राच्या हिशेबानं घेतलेला आकडा. त्या पोरावर लोक किती तुटून पडले! पहिला सामना, आयुष्यातला आनंदाचा दिवस, आणि बोलणं सगळं शर्टाचं. पुढं त्यानं ५४ घेतला. मुंबई इंडियन्सनं दहा आधीच, २०१३मध्ये बाजूला ठेवला होता. भारतीय संघातही त्यानंतर तो तसाच बाजूला राहिला. डिसेंबर २०२३मध्ये धोनीचा ७ सुद्धा तसाच ठेवून दिल्याची बातमी आली.

आता ब्रिस्बेन आठवा. जानेवारी २०२१, गॅबा. आपला निम्मा संघ जखमी, सहा बाद १८६, ऑस्ट्रेलियाचे ३६९. वॉशिंग्टन सुंदर आणि शार्दूल, दोघांनी १२३ धावा जोडल्या. सुंदर ६२, शार्दूल ६७. कमिन्सला षटकार मारून त्यानं खातं उघडलं! वर सामन्यात सात बळी. पांढऱ्या शर्टावर तोच ५४. मी पहाटे उठून बघत होते. त्या दिवसापासून ५४ म्हटलं की मला गॅबा दिसतं. ज्या आकड्याला मागं कसलंच वलय नव्हतं, त्यात त्या पोरानं स्वतःच्या बॅटनं जीव ओतला. त्याच्या पाठीवर १० राहिला असता तर त्या दिवशी १०चं काय बिघडलं असतं, सांगा मला. मी तर म्हणते, सचिनला सगळ्यात जास्त आनंद झाला असता.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आकडा कपाटात ठेवू नका, चांगल्या हातात द्या. यावर कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला सचिनबद्दल प्रेम नाही. प्रेम आहे म्हणूनच म्हणते. अर्जेंटिनाचं बघा. २००२च्या फुटबॉल विश्वचषकाला त्यांनी दहा सोडून यादी दिली, मॅराडोनाच्या मानासाठी. फिफानं ऐकलं नाही. आकडे सलगच लागतील म्हणाले, आणि दहा ओर्तेगाला घालावा लागला. तेव्हा अर्जेंटिनाच्या लोकांना केवढं वाईट वाटलं असेल. पण पुढं काय झालं? मार्च २००९मध्ये व्हेनेझुएलाविरुद्ध तो दहा मेस्सीच्या पाठीवर आला. आणि तेव्हा संघाचा प्रशिक्षक कोण? खुद्द मॅराडोना. ज्याच्या मानासाठी आकडा झाकून ठेवणार होते, त्याच्याच कारकिर्दीत तो पुढच्याला मिळाला. १८ डिसेंबर २०२२ला लुसैलला मेस्सीनं विश्वचषक उचलला तेव्हा आमच्या शेजारच्या कोल्हापुरात पेठापेठांत लोक रस्त्यावर आले. माझा भाचा शाहू स्टेडियमच्या आसपासच वाढलेला. त्यानं मला रात्री फोन केला आणि नुसता रडत होता. फिफानं तेव्हा हो म्हटलं असतं तर त्या रात्री मेस्सीच्या पाठीवर दहा नसता.

एका आकड्याबाबत मात्र मी वेगळं म्हणते. ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज, नोव्हेंबर २०१४. सिडनीत ६३वर खेळत असताना मानेला चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. पंचविसाच्या आतबाहेरचं वय, खेळ अर्ध्यावर. मायकेल क्लार्कनं विनंती केली आणि त्याचा एकदिवसीय शर्टावरचा ६४ पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरलं. ते बरोबर झालं. ज्याचा डाव पुरा झाला नाही त्याची जागा तशीच राहू दे. सचिनचा डाव तर भरभरून पुरा झाला.

आणि कुणाला मान द्यायचाच असेल तर तो कसा द्यावा, हे अमेरिकेच्या बेसबॉलकडून घ्यावं. जॅकी रॉबिन्सन, ४२. कृष्णवर्णीयांना ज्या मोठ्या साखळीची दारं बंद होती, तिथं तो १५ एप्रिल १९४७ला ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला. किती शिव्या ऐकल्या असतील, किती गिळलं असेल. पन्नास वर्षांनी, १९९७ला, सगळ्याच संघांनी मिळून ४२ बाजूला काढला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २००९पासून दर १५ एप्रिलला प्रत्येक संघातला प्रत्येक खेळाडू ४२ घालतो. गोरा, काळा, जपानी, डॉमिनिकन, सगळे ४२! गुणलेखकाला त्या दिवशी घाम फुटत असेल. पण असं गुणपत्रक लिहायला मिळालं तर मी जन्माचं भाग्य समजेन. आपल्याकडं २४ एप्रिलला, सचिनच्या वाढदिवसाला, आयपीएल चालूच असतं. त्या दिवशी दोन्ही संघांनी १० घालून उतरावं. मुंबईच्या, पुण्याच्या क्लबांनी सुरुवात करावी, शाळांनी करावी. मी ज्यांना सांगता येईल त्यांना सांगते आहे.

आकडा दोघांत राहिला म्हणून तुटत नाही, त्याचा दाखला आमच्या सांगलीनंच दिला आहे. १८ म्हटलं की विराट कोहली. एकोणीस वर्षांखालच्या संघात त्याला तो दिला गेला, त्यानं मागितला नव्हता. १८ डिसेंबर २००६ला त्याचे वडील गेले, दिल्लीत कोटलावर रणजी सामना चालू होता, मुलगा खेळायला गेला आणि ९० धावा करून आला. हे लोकांनी मागाहून त्या आकड्याशी जोडलं. आणि आमची स्मृती मानधना, जन्म १८ जुलैचा, तीही १८. दोघं एकाच बंगळूरच्या फ्रँचायझीत. २०२४ला महिला प्रीमियर लीगचं विजेतेपद स्मृतीच्या १८ नंबरनं कर्णधार म्हणून आणलं, २०२५ला पुरुषांच्या आयपीएलचं आलं. कुणाचा १८ उणा झाला? २ नोव्हेंबर २०२५ला डी. वाय. पाटीलवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. स्मृती आणि शफालीनं १०४ची सलामी दिली, स्मृती ४५ वर बाद झाली, तेव्हा आमच्या गल्लीत चुकचुकल्याचा आवाज घराघरांतून एकदम आला. रात्री बारानंतर फटाके.

त्यानंतर महिन्याभरात शालेय स्पर्धा होत्या. मी टेबलावर. एका संघाच्या सगळ्या मुली १ ते १२ मध्ये, आणि एक बारकी, दोन वेण्यांची, १८. मी बोलावलं, "इकडं ये गं." घाबरली. तिला वाटलं, मी आकडा बदलायला लावणार. पाठ फिरवायला सांगितली. आकडा घरीच लावलेला, निळ्या कापडाचा, आणि ८ची खालची बाजू सुटायला आलेली. माझ्या पिशवीत पेन, शिट्टी, सुईदोरा कायम असतो. तिला तशीच उभी केली आणि चार टाके घातले. टोचेल म्हणून ती श्वास धरून उभी होती. मग "थँक्यू बाई" म्हणून पळाली.

दुसऱ्या तुकडीत आली. दोन मिनिटं पन्नास सेकंद पळाली, शेवटी खांबावर सापडली. मी लिहिलं, १८.