पिनेदो आडनावाचे राजे

बोलिव्हियातील ला पाझ शहरातून निघालेला रस्ता अँडीजची उंच खिंड ओलांडून युंगासच्या दमट, हिरव्या दऱ्यांत उतरतो, आणि कोरोइको गावाजवळ मुरुराता नावाची लहानशी वस्ती लागते. येथे खळ्यांवर कोकाची पाने वाळत घातलेली असतात. याच वस्तीत किराणा मालाचे छोटे दुकान चालवत आलेले हुलिओ पिनेदो हे आफ्रो-बोलिव्हियन समाजाचे राजे आहेत.

१५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्थानिक लोकांवर वेठ लादूनही स्पॅनिश सत्तेला मजूर पुरेनात, तेव्हा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांना सुमारे ४,००० मीटर उंचीवरील त्या विरळ हवेत टांकसाळीच्या कामाला जुंपण्यात आले. पुढच्या पिढ्या युंगासच्या मळ्यांत राबल्या.

समाजात आजही सांगितली जाणारी कथा अशी, की १८२० च्या सुमारास पिनेदो नावाच्या जमीनदाराच्या मळ्यावर उचिचो नावाचा तरुण आणला गेला. अंघोळीच्या वेळी त्याच्या अंगावरील खुणा पाहून सोबत्यांनी हा आफ्रिकेतील राजपुत्र असल्याचे ओळखले, आणि त्याच्या वाटणीचे काम आम्ही करू, पण त्याला राबवू नका, अशी मालकाला गळ घातली. १८३२ मध्ये त्यांनी त्याला राजा केले. गुलामांना मालकाचेच आडनाव लागत असल्यामुळे या राजघराण्याचे नावही पिनेदो असेच राहिले, हे मात्र कथेइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८५१ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी मळ्यावरची वेठबिगारी १९५३ च्या जमीन सुधारणेपर्यंत सुटली नाही. १९३२ मध्ये मुकुट घातलेले बोनिफासिओ पिनेदो १९५४ मध्ये वारले, आणि त्यानंतर गादी अडतीस वर्षे रिकामी राहिली. याच काळात, १९८० च्या दशकात, तरुणांनी विस्मरणात चाललेले ‘साया’ हे ढोलांवरचे गायन-नृत्य पुन्हा उभे केले. त्यात पायांत घुंगरे बांधून, हातात चाबूक घेऊन नृत्याला शिस्त लावणारा प्रमुख असतो. मळ्यावरचा मुकादम असा नाचात उतरला आहे.

बोनिफासिओंचे नातू हुलिओ १९९२ मध्ये गादीवर आले. २००७ मध्ये ला पाझ प्रांताच्या प्रशासनाने त्यांच्या राजेपदाला मान्यता दिली, २००९ च्या राज्यघटनेत या समाजाचा स्वतंत्र उल्लेख आला, आणि २०१२ च्या जनगणनेत तेवीस हजारांहून अधिक लोकांनी आपली ओळख आफ्रो-बोलिव्हियन अशी नोंदवली. राजांना ना कर घेता येतो, ना कायदा करता येतो. मुकुट आणि झगा समारंभापुरते. एरवी ते इतरांसारखीच कोकाची शेती करत आले आहेत.