शेवटचे तीन फूट

(दृश्य : बेळगावचं गोल्फ मैदान. सकाळ. झाडीमागून वर येणारं ऊन.)

बेळगावात गोल्फ मैदान म्हटलं की निम्म्या गावाला आधी बिबट्या आठवतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात दिसलेला बिबट्या या झाडीत शिरला. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शिमोग्याकडच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले, कॅमेरे लावले, जाळी आणली. बिबट्या काही हाती लागला नाही. टीव्हीवर हे मैदान त्या दिवसांत जेवढं दिसलं, तेवढं इथल्या खेळामुळे कधी दिसलं नसेल.

आम्ही मात्र इथे खेळासाठीच आलो आहोत. त्यातही फक्त शेवटच्या तीन फुटांसाठी.

(दृश्य : मोबाइलवर घेतलेलं, किंचित हलणारं चित्रण.)

हे चित्रण आमचं नाही, एका कॅडी पोराने, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या पोराने, घेतलेलं आहे. यात पाठमोरे दिसतात ते उद्यमबागेतले, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतले, एक कारखानदार. नाव सांगायचं नाही, ही त्यांची अट. कारखान्यात सगळे त्यांना मालक म्हणतात, आपणही तेच म्हणू.

चेंडूपासून होल, म्हणजे चेंडू ज्यात पाडायचा तो खड्डा, तीन फुटांवर. उतार नाही, वळण नाही. मालक आधी चेंडूच्या बाजूला उभे राहून पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी, नुसता हवेत हलवून बघतात. किती संथ हलतोय बघा. आता ते अर्धं पाऊल पुढे सरकतात आणि पटर चेंडूमागे टेकवतात. पटर मागे जातो, पुढे येतो, आणि... इथे चित्रण हळू करू. चेंडूला लागायच्या आधीच उजवं मनगट झटका खातं. पटरचं तोंड डावीकडे वळतं. चेंडू होलच्या डाव्या अंगाने वीतभर पुढे जाऊन थांबतो.

कॅमेऱ्यामागून पोराचा आवाज येतो, "हात मधीच उडूलालाय की ओ, मालक."

या पोराने एका वाक्यात जे सांगितलं, ते मालकांच्या बरोबरीच्या खेळाडूंना बराच काळ दिसलं नव्हतं. त्यांना दिसत होता घाबरलेला माणूस.

या दुखण्याला गोल्फमध्ये यिप्स म्हणतात. टॉमी आर्मर या स्कॉटिश खेळाडूने हे नाव रूढ केलं. 1927 ची यूएस ओपन आणि 1931 ची ब्रिटिश ओपन जिंकलेला हा माणूस, आणि छोट्या पटने, म्हणजे जवळून चेंडू होलात ढकलायच्या फटक्याने, त्यालाही छळलं. यिप्स नवशिक्याला क्वचितच होतो. वर्षानुवर्षं खेळलेल्या, हात बसलेल्या खेळाडूंच्या मागे तो लागतो.

बाहेरच्याला यातलं नवल कळावं म्हणून थोडा हिशेब. होलचा व्यास 108 मिलिमीटर. चेंडू 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. तीन फुटांवरून बेताने मारलेला चेंडू तीन अंशांनी तिरका गेला, तरी कडेवरून आत पडतो. एवढा टॉलरन्स, म्हणजे चुकीला एवढी सूट, मिळाली तर उद्यमबागेतला शिकाऊ पोरगाही जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पास करून देईल. पीजीए टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेतले व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरून 100 पैकी 99 वेळा चेंडू आत घालतात. आठ फुटांवर हेच प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे तीन फुटांचा पट चुकायला जागाच नाही, असं सगळे धरून चालतात. म्हणून तो चुकला की लाज वाटते.

(दृश्य : उद्यमबाग. लेथवर फिरणारा जॉब, कुलंटची धार.)

त्याच माणसाला आता त्यांच्या कारखान्यात बघा. हायड्रॉलिक सिलिंडरचा पार्ट तपासणं चाललं आहे. डाव्या हातात जॉब, उजव्या हातात बारीक मापं घेणारा मायक्रोमीटर. रॅचेट फिरवणारी बोटं अगदी हलकी. आकडा वाचतात, मान हलवतात, पुढचा जॉब घेतात. याच हाताने ते चेकवर सही करतात, याच हाताने चहाची बशी उचलतात. थेंब सांडत नाही. हात फक्त एकाच जागी उडतो. पटर हातात, चेंडू समोर आणि होल जवळ असताना.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. हात कमजोर असता, तर मायक्रोमीटरवरही थरथरला असता. माणूस भित्रा असता, तर दोनशे यार्डांचा फटका पाण्यावरून मारताना आधी कचरला असता. मालक तो फटका बिनधास्त मारतात.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यिप्सचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत यिप्सचे दोन प्रकार आहेत. एक दडपणाचा. यात लक्ष फुटतं, श्वास वर चढतो, घाई होते. दुसरा मज्जासंस्थेचा, ज्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. तो एका ठरावीक कामापुरताच येतो. लिहिणाऱ्याच्या बोटांना पेन धरताच येणारा पेटका याच जातीचा. पियानो वाजवणाऱ्यांनाही तो गाठतो. हातावर इलेक्ट्रोड लावून पाहिलं, तेव्हा यिप्स असलेल्या काही खेळाडूंमध्ये मनगट वाकवणारे आणि मनगट सरळ करणारे स्नायू एकाच वेळी आवळलेले आढळले. एरवी एक आवळतो तेव्हा दुसरा सैल सुटतो. दोघांनी एकदम ओढलं, तर झटका बसणारच. पुष्कळांमध्ये दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते आणि दडपण आलं की डिस्टोनियाही बळावतो.

हे कळायच्या आधी मालकांनी काय काय ऐकलं असेल? आपल्याकडे पोरगं आखाड्यात उतरलं किंवा भरतीसाठी पहाटे पळायला लागलं, की "घाबरू नको" हे पहिलं ऐकतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावात हिंमत हीच मोठी गोष्ट, आणि ती आहेच. पण उडणाऱ्या मनगटाला "हिंमत धरा" सांगून काय होणार? माणूस पटर आणखी घट्ट आवळतो. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं वय झालं. मालकांनी पटर बदलला. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, अंधार पडेपर्यंत तोच फटका मारत राहिले आणि तोच झटका हाताला आणखी पाठ करून घेतला. "घरात सांगायची सोय नव्हती हो," ते म्हणतात. "एवढ्याशा चेंडूचं दुखणं कुणाला सांगणार?"

(दृश्य : कारखान्याच्या ऑफिसात भिंतीलगत अंथरलेली हिरव्या कार्पेटची पट्टी.)

जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी हेच भोगलं आहे. सॅम स्नीडने उतारवयात चेंडू दोन पायांच्या मधून, होलकडे तोंड करून ढकलायला सुरुवात केली. 1968 मध्ये नियमाने ती पद्धत बंद झाली, तेव्हा त्याने दोन्ही पाय चेंडूच्या एका बाजूला घेतले आणि खेळत राहिला. एर्नी एल्सने चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. 2016 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत पहिल्याच होलवर, जेमतेम तीन फुटांवरून, त्याला चेंडू आत घालायला सहा वेळा पट मारावा लागला.

आणि बर्नहार्ड लँगर. या जर्मन खेळाडूला यिप्सने एकदा नाही, अनेकदा गाठलं. 1985 मध्ये मास्टर्स जिंकल्यावरही गाठलं. त्याने काय करावं? डावा हात पटरच्या दांड्यावर पार खाली नेला आणि उजव्या हाताने पटरची मूठ डाव्या कोपराखालच्या हातालाच दाबून धरली. मनगटाला हलायला जागाच ठेवली नाही. दिसायला विचित्र पकड. त्याच पकडीने त्याने 1993 मध्ये मास्टर्स पुन्हा जिंकली. पुढे तो लांब पटरकडे वळला. 2016 पासून पटर छातीला किंवा पोटाला टेकवून मारायला बंदी आली, तेव्हा लांब पटर शरीरापासून सुटा धरून त्याने खेळ चालूच ठेवला.

लँगरकडून घ्यायचं ते इथेच आहे. त्याने बिघडलेली हालचाल दुरुस्त करत बसण्याऐवजी हाताला नवीन हालचाल दिली. उखडलेल्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा डांबर ओतण्यापेक्षा शेताच्या बांधाने नवी वाट पाडलेली बरी.

मालकांनी आधी डावा हात खाली, उजवा वर, अशी उलटी पकड घेतली. काही दिवस छान गेले आणि झटका परत आला. असं होतं, त्यात खचण्यासारखं काही नाही. मग त्यांनी पटरला जाड ग्रिप चढवली, कारण जाड मुठीवर बोटांना आणि मनगटाला चाळा करायला कमी वाव मिळतो. उजव्या हाताने मूठ आवळणं सोडलं. आता उजवा तळवा अंगाकडे वळलेला असतो आणि दांडा नुसता अंगठ्याच्या आणि बोटांच्या चिमटीत असतो. फटका डावा खांदा मारतो, उजवा हात फक्त सोबतीला जातो.

आणि होल काढून टाकला. कार्पेटवर नुसता चेंडू. कुठे न्यायचा नाही, काही जिंकायचं नाही, फक्त ढकलायचा. हात शांत राहायला लागल्यावर त्यांनी स्वतःच्या लेथवर पितळेचं एक कडं काढलं, आतला व्यास नेमका 108. ते कार्पेटवर आधी एका फुटावर ठेवलं, मग दोन फुटांवर. झटका आला की कडं उचलायचं आणि पुन्हा मोकळ्या कार्पेटवर यायचं. मैदानावर ते सगळ्यात शेवटी गेले.

नजरेचंही एक काम आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी चांगला पट मारणाऱ्या खेळाडूंच्या नजरेचा माग काढला. ती चेंडूच्या एका ठिपक्यावर दोन-तीन सेकंद स्थिर राहते आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी असते. होलकडे बघायची घाई नसते. दडपणाच्या यिप्सवर या सवयीचा विशेष उपयोग होतो.

दोन गोष्टी घाईने सांगून टाकू. हात जेवताना, लिहिताना किंवा नुसता मांडीवर ठेवलेला असतानाही थरथरत असेल, तर तो यिप्स समजून घरी बसू नका, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. आणि कुणाच्या सांगण्यावरून बीटा ब्लॉकरची, म्हणजे छातीची धडधड कमी करणारी, गोळी घेऊ नका. ते औषध डॉक्टरने द्यायचं असतं आणि गोल्फच्या स्पर्धांत त्यावर उत्तेजकविरोधी नियमांखाली बंदी आहे.

(दृश्य : मैदान. ग्रीनवर मालक आणि एक वयस्कर खेळाडू.)

मालकांचा छोटा पट अजूनही कधी कधी चुकतो. फरक इतकाच की चुकल्यावर ते पटर पिशवीत कोंबून घरी जात नाहीत.

आता बाकीचे खेळाडू विचारायला येतात. आज आलेले हे काका सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनाही चिमटीची पकड शिकायची आहे. मालक आधी त्यांना पट मारायला लावतात आणि पोराला मनगटाचं चित्रण करायला सांगतात. हळू करून बघतात. मनगट जागचं हललेलं नाही. चेंडू सुटायच्या आधीच मान मात्र होलकडे वळली आहे.

"काका, तुमचा हात चांगला हाय की," मालक म्हणतात. "पकड बदलायची नाही. चेंडू गेला तरी खालीच बघायचं, पडल्याचा आवाज कानांनी ऐकायचा."

काकांना पटलेलं दिसत नाही. ते पुन्हा चेंडू ठेवतात, पोरगा पुन्हा मोबाइल वर धरतो.