निकोडेमस : जमिनीतून धूर येतो ते गाव

(दृश्य : पश्चिम कॅन्ससचा माळ. वाऱ्यानं गवत झुकतंय.)

झाड शोधू नका. नदीकाठाला थोडी आहेत, बाकी सगळं गवत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा हा वायव्य भाग, ग्रॅहम काउंटी. खाली वाहते ती सॉलोमन नदी.

१८७७च्या सप्टेंबरात केंटकी राज्यातून निघालेली तीनशेच्या आसपास माणसं निकोडेमस गाव वसवायला या माळावर उतरली. आगगाडीचं जवळचं स्टेशन एलिस गावी होतं. तिथून पुढचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर चालत. सगळी काळी माणसं. बारा वर्षांपूर्वीपर्यंत यांतले बहुतेक जण कुणाच्या तरी मालकीचे होते.

(दृश्य : जुना नकाशा. मिसुरी आणि कॅन्ससची सीमा.)

या सीमेवर आधी रक्त सांडलं आहे. देश पश्चिमेकडे पसरत होता आणि प्रत्येक नव्या मुलखाबरोबर तोच वाद निघायचा : इथं गुलाम ठेवता येतील की नाही? १८२०मध्ये मिसुरीच्या तडजोडीनं नकाशावर एक आडवी रेघ मारून तो मिटवला होता : मिसुरी सोडून, रेघेच्या उत्तरेला गुलामी नाही. १८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं ती रेघ पुसली. म्हटलं, वस्ती करणाऱ्यांनीच मतदान करून ठरवावं. मग काय, गुलामी असलेल्या मिसुरीतून टोळ्याच्या टोळ्या सीमा ओलांडून आल्या, मतं टाकून परत गेल्या. १८५६च्या मे महिन्यात गुलामीच्या समर्थकांनी विरोधकांचं लॉरेन्स शहर लुटलं. तीनच दिवसांनी गुलामीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन आणि त्याच्या साथीदारांनी पॉटावाटोमी ओढ्यापाशी पाच जणांना घरांतून बाहेर काढून मारलं. शेवटी जानेवारी १८६१मध्ये कॅन्सस गुलामीमुक्त राज्य म्हणून संघात आलं. एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटलं : एकीकडे गुलामी टिकवायला संघातून फुटलेली दक्षिणेची राज्यं, दुसरीकडे उरलेला संघ.

युद्ध शाळेच्या पुस्तकात सापडेल. आमच्या कॅमेऱ्यासमोर माळ आहे, म्हणून आपण जमिनीचंच बोलू.

लिंकननं १ जानेवारी १८६३ला मुक्तीचा जाहीरनामा काढला, पण तो केंटकीला लागू नव्हता. केंटकी संघातून फुटलं नव्हतं, आणि जाहीरनामा फक्त बंडखोर भागांपुरता होता. तिथल्या गुलामांना कायद्यानं स्वातंत्र्य मिळालं ते डिसेंबर १८६५मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीनं. स्वातंत्र्य मिळालं. नांगर, बैल, वावर यांचं काय?

त्याचं उत्तर एकदा दिलं गेलं होतं. जानेवारी १८६५मध्ये संघाच्या सैन्यातल्या जनरल शर्मननं आदेश काढला, की साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत द्यावी. सुमारे चाळीस हजार माणसं तिथं वसली. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि वर्ष सरायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देण्याचा हुकूम निघाला. ज्यांनी देशाविरुद्ध बंदूक उचलली त्यांना! मग उरली बटाई. बियाणं उधार, पीठ उधार, पीक उभं राहण्याआधीच गहाण.

१८७३मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यापर्यंत पोचलेली बातमी खरी होती, पण अर्धी. त्याच वर्षी कॉ या मूळनिवासी लोकांना, ज्यांच्या नावावरून कॅन्सस हे नाव आलं त्यांना, इथून उठवून दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात पाठवलं गेलं. तुम्हाला जो माळ रिकामा दिसतोय, तो असा रिकामा झाला आहे.

आणि १८७७च्या एप्रिलमध्ये काळ्यांच्या हक्कांच्या बाजूनं असलेल्या, दक्षिणेतल्या शेवटच्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं संघराज्याचं सैन्य हटवलं गेलं. युद्धानंतरचा हा काळ, ज्याला पुनर्रचना म्हणतात, संपला. त्याच महिन्यात इकडे निकोडेमस टाउन कंपनी उभी राहिली. डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक तिचे अध्यक्ष. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल त्यांचा भागीदार.

(दृश्य : जाहिरातीचा कागद. मग नदीकाठचा उतार, जवळून.)

हिलची पत्रकं केंटकीतल्या चर्चांमधून फिरली. मुद्दा साधा होता. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार नागरिकाला १६० एकर मिळतात. किरकोळ फी भरा, पाच वर्षं राहा, जमीन कसा, ती तुमची. काळी माणसं आता नागरिक होती. पत्रकात पाऊस-पाणी, माती, सगळं उत्तम होतं.

प्रत्यक्षात घर बांधायला लाकूडच नव्हतं. मग घर कशाचं? हा उतार बघा. यातच आडवं आत खोदायचं. मागच्या भिंतीत चूल कोरायची, धुराला वर भोक ठेवायचं. तोंडाशी मिळेल त्या फळ्या किंवा फाटकं कांबळं. छताला नदीकाठच्या फांद्या, त्यावर काटक्या आणि गवत, त्यावर मातीचे थर. हे थर म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेले मातीचे पट्टे. इथलं गवत आखूड, पण मुळं इतकी गच्च विणलेली, की पट्टा उचलला तरी फुटत नाही. घराला हे चांगलं, नांगराला वाईट. नांगर मोजके, घोडे त्याहून कमी, त्यामुळे पुष्कळांनी पहिलं वावर कुदळ-फावड्यानं फोडलं. जळणाला रानशेण्या : माळावर वाळलेलं बायसनांचं, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचं, आणि गुरांचं शेण. पाऊस आला की छत गळायचं, आणि पाऊस थांबल्यावरही आत गळतच राहायचं.

१८७८च्या वसंतात विलियाना हिकमन नवऱ्याबरोबर इथं आली. बरोबरचे पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! तिला काही दिसेना. नवऱ्यानं बोट दाखवलं : जमिनीतून धूर येत होता. ते निकोडेमस. ती रडू लागली, हे तिनंच पुढे सांगून ठेवलं आहे.

काही कुटुंबं माघारी गेली. उरलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी लोकांनी मांस दिलं, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ज्यांची जमीन गेली, त्यांनी.

(दृश्य : चुनखडी दगडाच्या इमारती, एकामागून एक.)

हिकमन राहिली. बाकीचेही राहिले. झकरी फ्लेचर पोस्टमास्तर झाला, त्याची बायको जेनी पहिली शिक्षिका. समोर दिसतं ते सेंट फ्रान्सिस हॉटेल फ्लेचर कुटुंबाचं. दोन वर्तमानपत्रं निघाली. इथं वसलेला एडवर्ड मॅकेब १८८२मध्ये कॅन्ससचा राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. युद्ध संपून सतरा वर्षं झाली होती आणि गोऱ्या बहुसंख्येच्या राज्यानं आपल्या हिशेबाच्या वह्या एका काळ्या माणसाकडे दिल्या होत्या.

१८८८मध्ये रेल्वे नदीच्या पलीकडून गेली. व्यापारी तिकडे बोग नावाच्या गावी गेले, पुढे दुष्काळ, मंदी. १९५३मध्ये पोस्टही बंद झालं.

(दृश्य : जुलैअखेरची मिरवणूक. बँड, घोडे, लहान मुलं.)

२०२०च्या जनगणनेत गावात चौदा माणसं होती. ही गर्दी बाहेरगावाहून आलेली, वंशजांची. हा मुक्तीचा उत्सव १८७८पासून चालत आला आहे आणि तो मूळचा १ ऑगस्टचा, म्हणजे १८३४मध्ये ब्रिटिशांच्या कॅरिबियन वसाहतींत गुलामी रद्द झाली त्या दिवसाचा. युद्धाच्या आधीपासून अमेरिकेतले काळे लोक हा दिवस पाळत होते, कारण पाळायला स्वतःचा दिवस नव्हता. तो आल्यावरही निकोडेमसनं जुनाच ठेवला.

१९९६पासून गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. टाउनशिप हॉलच्या मागे, मिरवणूक वळते तिथून पुढे गव्हाची रानं लागतात. त्यांतली काही खंडानं दिलेली आहेत, कसणारे दुसरे. सातबारा अजून जुन्याच घराण्यांच्या नावावर.