विंगवरनं बॉल उचलू नका, मागं द्या!

नमस्कार मंडळी! कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच रंगात आली की काय होतं? विंगर, म्हणजे कडेनं पळणारा खेळाडू, कॉर्नरच्या झेंड्याजवळ पोचला रे पोचला, गॅलरीतनं एकच गलका, ‘टाक आत!’ पोरगं टाकतं. बॉल उंच, समोरच्या बॅकचं (बचाव करणाऱ्याचं) डोकं, क्लिअर. झालं!

म्हणून आज एकच चाल. कट-बॅक, म्हणजे गोललाइनजवळनं बॉल मागं देणं.

(फळ्याकडे वळून) ही गोललाइन. विंगर पेनल्टी एरियात घुसून लाइनला भिडला. गोलकीपर जवळच्या खांबाला चिकटला. बॅक स्वतःच्याच गोलकडं तोंड करून पळतायत, नजर बॉलवर, पाठीमागं कोण उभंय याचा पत्ता नाही. मग बॉल हवेत कशाला? जमिनीवरनं मागं द्या, पेनल्टी स्पॉटच्या आसपास. तिथनं गोल 11 मीटरवर. आणि ऑफसाइडची, म्हणजे बॅकच्या पुढं जाऊन पास घेतल्याच्या चुकीची, कटकटच नाही. पास सुटताना तुम्ही बॉलच्या मागं असाल, तर बॅक कुठंही असू देत, ऑफसाइड होत नाही.

खरी गोची पास घेणाऱ्यांची. आपले फॉरवर्ड लई उतावळे! विंगर सुटला की तिघंही गोलकीपरच्या अंगावर. असं नको. एकानं जवळच्या खांबाकडं जोरात पळायचं, बॅकला ओढून न्यायचं. दुसरा लांबच्या खांबाला. तिसऱ्यानं मात्र पेनल्टी एरियाच्या तोंडाशी दम धरायचा. विंगरनं मान वर केली की मग निघायचं. आधी निघालास तर बॅकही तुझ्याबरोबर आलाच.

सराव? हल्ला करणारे चार विरुद्ध बॅक तीन, आणि गोलकीपर. विंगरला बॉल देऊन उभा करू नका. मिडफिल्डरनं दोन बॅकच्या मधल्या फटीतनं सोडायचा, त्यानं पळत जाऊन घ्यायचा. उंच क्रॉसवरच्या गोलला एक पॉइंट, कट-बॅकवरच्या गोलला तीन. पोरं आपोआप मान वर करून बघायला लागतात.

(हसून) गांधी मैदानात पावसाचं पाणी साठलं असेल तर हे सगळं विसरा. बॉल चिखलात रुतला की उंच टाकण्याशिवाय इलाज नाही.

राहिला फटका. पास जोरात आलेला असतो, ताकद लावाल तर बॉल बारवरनं जाईल. पायाच्या आतल्या बाजूनं नुसती दिशा द्या. कुठं? गोलकीपर जवळच्या खांबावरनं मधे धावत येत असतो. तो जिथनं निघाला, त्याच कोपऱ्यात.