पाकीट आपल्यामागे येत नाही

मंडळी, इथे बसलेल्या मुलांपैकी बरीच जण या पंधरवड्यात घर बदलणार आहेत. विद्यापीठाच्या गावांत जुनं लीज बहुतेक जुलैअखेर संपतं, नवं ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं आणि मधले दिवस कुणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकून काढायचे असतात. नेमकं याच दिवसांत ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काही काळ काम करायच्या परवानगीचं, कार्ड टपालात असतं. मी वकील नाही. तुमच्याआधी या वाटेने गेलेला माणूस म्हणून बोलतोय.

माझं एमएस संपलं त्या उन्हाळ्यात मी ओहायोतलं अपार्टमेंट सोडलं, महिनाभर न्यू जर्सीत मावसभावाकडे राहिलो आणि तिथून टेक्सासला गेलो. निघण्याआधी पोस्टात पत्ता बदलल्याचा फॉर्म भरला. मेलबॉक्सच्या आत आम्हा चौघांची आडनावं लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. नव्या मुलाच्या नावाला जागा हवी म्हणून त्यावरचं माझं नाव मी बॉलपेनने नीट खोडलं. पुढे टेक्सासला बँकेची पत्रं आली, गाडीच्या विम्याचं बिल आलं. कार्ड आलं नाही. इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर ते टपालात टाकल्याचं दिसत होतं आणि मी रोज संध्याकाळी किल्ली घेऊन खाली जात होतो. कार्ड ओहायोला पोचलं होतं आणि तिथून परत फिरलं होतं. ते हातात आल्याशिवाय कंपनीला मला कामावर घेता येईना, जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे गेली. ओपीटीवर नोकरीशिवाय एकूण ९० दिवसच राहता येतं. त्यातला एकेक दिवस मी कॅलेंडरवर खूण करून मोजला. आईला फोनवर सांगायचो, सगळं ठीक चाललंय.

हे का घडतं? यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची, ही पाकिटं नीट पाहिलीत तर त्यांवर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ असं छापलेलं दिसेल. माणूस त्या पत्त्यावर नसेल तर पुढे पाठवू नका, आमच्याकडे परत करा, अशी ती पोस्टाला सूचना आहे. म्हणजे पोस्टातला फॉर्म बाकी टपालाला उपयोगी पडतो, यूएससीआयएसच्या पाकिटाला नाही. आणि परत गेलेलं कार्ड तिकडे कायम ठेवून घेत नाहीत. २०१८ पासून नियम असा आहे की ६० कामकाजाच्या दिवसांत आपण बरोबर पत्ता कळवला नाही, तर कार्ड नष्ट करतात.

घर बदलल्यावर १० दिवसांत कळवणं हा तर कायदाच आहे. त्यासाठीचा फॉर्म एआर-११. ग्रीन कार्डवाल्यांनाही तो लागू आहे, हे इथल्या मोठ्या मंडळींनीही लक्षात ठेवावं. विद्यार्थी डीएसओला, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला, कळवतात, सेव्हिस या विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीत पत्ता बदलतो आणि त्यांना वाटतं काम झालं. तसं नाही. आय-७६५ चा, म्हणजे कामाच्या कार्डासाठीचा, अर्ज चालू असेल तर त्या अर्जावरचा पत्ता वेगळा बदलावा लागतो. पूर्वी त्यासाठी एआर-११ भरून वर फोन करत बसावं लागायचं. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खात्यातून बहुतेक अर्जांचा पत्ता एकाच जागी बदलता येतो. मात्र कार्ड छपाईला जाण्याआधी बदला. ‘कार्ड इज बीइंग प्रोड्यूस्ड’ असं दिसायला लागलं की बहुधा उशीर झालेला असतो.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं आय-७९७ हे पत्र कंपनीकडे किंवा वकिलाकडे जातं, त्यामुळे तिथे धास्ती कमी. मला जास्त काळजी वाटते ती नुसत्या कागदाच्या पत्रांची. कार्ड आलं नाही तर निदान आपण वाट तरी पाहत असतो. आरएफई, म्हणजे आणखी पुराव्यांची मागणी, आली आहे हे पत्र हातात पडेपर्यंत कित्येकांना कळतच नाही. तिच्या उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात, टपालाचे म्हणून ३ दिवस वर. हे दिवस पत्र निघाल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट फोडल्यापासून नव्हे. बायोमेट्रिक्सची, म्हणजे बोटांचे ठसे द्यायची, तारीख चुकली आणि कळवलंही नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. ज्या बाईने एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बीवर मिळालेल्या व्हिसावर, इतकी वर्षं घरी बसून काढली, तिचा अर्ज एका न मिळालेल्या पत्रापायी बंद व्हावा, हे मला सहन होत नाही.

आता मुलांना एक सांगतो आणि मग घर असलेल्यांना एक मागतो. मुलांनो, फॉर्मवर राहता पत्ता आणि टपालाचा पत्ता असे दोन रकाने असतात. राहता पत्ता खरा आणि ताजा ठेवा, त्यात हयगय नको. पण टपालाचा पत्ता अशा माणसाचा द्या, जो वर्षभर हलणार नाही. ‘इन केअर ऑफ’च्या रकान्यात त्याचं नाव लिहा. लिहिण्याआधी त्याला विचारा.

आणि काका-काकू, ताई-दादा, ज्यांनी इथे घरं घेतली आहेत, त्यांनी या मुलांना आपला पत्ता द्यावा. खर्च काही नाही. मेलबॉक्सच्या आत त्या मुलाचं आडनाव ठळक लिहून चिकटवा, कारण पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेऊ शकतो. पोस्टाची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी फुकट आहे, ती सुरू करा. त्या दिवशी येणाऱ्या पाकिटांचे फोटो सकाळी ईमेलवर येतात. पाकीट आलं की न फोडता फोटो काढून पाठवा. मुलगा म्हणाला तर फोडा, नाहीतर ट्रॅकिंग घेऊन पुढे रवाना करा. काम संपल्यावरही त्याचं नाव वर्षभर राहू द्या. एखादं पत्र उशिरा येतं.

मावसभावाने त्या महिन्यात मला जेवू-खाऊ घातलं, रोज ट्रेनवर सोडलं. त्याचं घर स्वतःचं होतं, तो आजही तिथेच राहतो. तुझा पत्ता देऊ का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

माझ्या पेटीच्या आत आज पाच आडनावं आहेत. अजून दोन मावतील. ज्यांचं लीज संपतंय त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, मी कागदावर पत्ता लिहून देतो.