आधी आधार, मग काप

(दृश्य: टेबलावर आडवी आठ फुटी फळी. यंत्र बंद.)

फळी आठ फुटांची. कापायची आहे मधोमध. मायटर सॉ, म्हणजे लाकूड आडवं किंवा कोनात कापणारी विजेची करवत. तिचं टेबल जेमतेम दोन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट लाकूड अधांतरी. सुताराचा हात अजून स्विचकडे गेलेला नाही. त्याची नजर फळीच्या टोकांवर आहे.

मायटर सॉची रचना साधी आहे. वर मोटर आणि गोल पातं, खाली टेबल, मागे उभी फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची पट्टी. हँडल दाबलं की पातं लाकडात उतरतं. दहा इंची पातं म्हणजे 254 मिलिमीटर, बारा इंची म्हणजे 305. रिकामं फिरताना मिनिटाला साधारण 4,000 ते 5,000 फेरे. या वेगाचं सगळ्यांना कौतुक असतं. पण कामाचा खरा कस लागतो तो पातं फिरायच्या आधी, आणि या फिल्मचा बराचसा वेळ आम्ही तिथेच दिला आहे.

(दृश्य: घोडी, म्हणजे आधाराचा स्टँड, सरकवताना. सरळ पट्टी टेबलावरून घोडीपर्यंत.)

दोन्ही टोकांखाली घोड्या आल्या. आता त्यांची उंची. सुतार टेबलावर एक सरळ पट्टी ठेवतो आणि तिचं दुसरं टोक घोडीवर टेकवतो. पट्टीखाली उजेडाची फट दिसते आहे. घोडी किंचित खाली आहे. तो पातळ प्लायची चकती सरकवतो, पुन्हा पट्टी ठेवतो. फट गेली.

एवढ्याशा फरकानं काय बिघडतं? घोडी खाली राहिली, तर फळीची टोकं झुकतात. काप पूर्ण होत आला, की दोन्ही भाग टेबलाच्या कडेवर कलंडतात आणि त्यांची आतली टोकं वर उचलून फिरत्या पात्यात घुसतात. घोडी उंच झाली, तर उलटं होतं. फळी मध्ये टेबलावर टेकतच नाही. काप खोल जाईल तशी ती आत झोळते, कापाची फट वरून मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. ती फट असते साधारण दोन-तीन मिलिमीटरची, मिटायला वेळ लागत नाही. पातं अडकलं, की लाकूड उसळतं आणि हात त्याच्याबरोबर ओढला जातो. बोटं जातात ती अशी.

(दृश्य: फळीची कड डोळ्यासमोर धरून पाहणं.)

आता फेन्स. पात्याचे खालचे दाते कापणाऱ्याकडून मागे धावतात, त्यामुळे पातं स्वतःच लाकूड फेन्सवर रेटत असतं. फळी फेन्सला चिकटून असेल तर हा रेटा आपल्या बाजूचा. कापाच्या रेषेवर मागे पोकळी असेल, तर तोच रेटा फळीला त्या पोकळीत आपटतो.

आणि ही फळी पाहा, सरळ नाही. कडेनं डोळा लावला की बाक दिसतो. सुतार ती उलटी फिरवतो. फुगीर बाजू फेन्सकडे, आणि फुगवट्याचा उंचवटा बरोबर कापाच्या रेषेवर. आता तिथे कागदही सरकत नाही. पीळ बसलेली फळी मात्र तो इथे घेतच नाही. ती टेबलावर डुगडुगते, आधी रंध्यानं सपाट करावी लागते.

मग फळी आवळून धरायला क्लॅम्प. एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूच्या तुकड्याला खालून आधार आहे, पण त्याला बाजूला सरकायला वाव हवा. एकाच मापाचे अनेक तुकडे करताना माप धरायला लावलेला ठोकळाही क्लॅम्पच्याच बाजूला. सुटा तुकडा ठोकळा आणि पातं यांच्यामध्ये कोंडला, तर तो गोळीसारखा उडतो.

मोकळा हात पात्यापासून निदान सहा इंच दूर. डाव्या हातानं पात्याच्या उजवीकडचं लाकूड धरायला जायचं नाही. गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, बांधून वर ठेवायचा नाही. हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही. डोळ्यांवर चष्मा आहे, कानांवर संरक्षक आहेत.

(दृश्य: काप, सलग.)

स्विच दाबला. पातं लाकडाला अजून शिवलेलं नाही, आधी ते पूर्ण वेगात येऊ दिलं. मग एकाच सावकाश दाबानं खाली. भुसा मागच्या पिशवीकडे जातो आहे. लाकडाची बारीक धूळ 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, म्हणून तोंडावर मास्कही आहे.

काप झाला. स्विच सोडला, पण हँडल वर आलेलं नाही. पातं अजून फिरतंय. दात वेगळे दिसू लागले, मग एकेक मोजता येईल इतके संथ झाले, मग थांबले. हा वेळ आम्ही संकलनात काढलेला नाही. फिरतं पातं वर उचललं की सुट्या तुकड्याला दात लागू शकतो, म्हणून इथली घाई परवडत नाही. आता हँडल वर, मग तुकडा बाजूला.

सरकत्या मायटर सॉवर रुंद फळी असेल, तर यंत्राचं डोकं, म्हणजे मोटर आणि पातं, बंद असतानाच पुढे ओढायचं, मोटर चालू करून खाली दाबायचं आणि मागे ढकलत कापायचं. आपल्याकडे ओढत कापलं, तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं.

(दृश्य: उरलेला छोटा तुकडा हातात.)

या कामात कोपऱ्याला लावायचा एक भाग अजून हवा आहे आणि हाताशी एवढाच तुकडा उरला आहे. तो क्लॅम्पखाली नीट बसत नाही, आणि बोटांनी धरायचा तर बोटं पात्याजवळ जातात. सुतार तो यंत्रावर ठेवत नाही. प्लग काढतो, तुकडा शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळतो आणि हाताची करवत घेतो.